वेलांटी कापली जाते तेव्हा दोष देवनागरीचा नसतो

सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही विनोद कधीच जुने होत नाहीत. त्यातला एक सीएसएसवरचा आहे. एक डिव्ह पानाच्या मधोमध आणायला दोन इंजिनिअर आणि अख्खी दुपार लागते, असा काहीसा तो विनोद. त्यावर मीम आहेत, टी-शर्ट आहेत, कॉफीचे मग आहेत. हसायला माझी हरकत नाही. डिव्ह मधोमध आणणं एकेकाळी खरंच डोक्याला ताप होतं. पण फ्लेक्सबॉक्स आल्यापासून ते तीन ओळींचं काम झालंय आणि त्यालाही आता दहा वर्षं उलटून गेली. तरी विनोद चालूच आहे. म्हणजे तो आता सीएसएसबद्दलचा राहिलेला नाही. सीएसएस शिकायचंच नाही, असं ठरवून बसलेल्या लोकांबद्दलचा तो विनोद आहे, आणि तेच तो सांगत फिरतात.

या ठरवून न शिकण्याची किंमत कोण मोजतं, हे मला इथे मांडायचं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. वेबवरची मराठी आज जशी दिसते, तशी ती देवनागरीच्या गुंतागुंतीमुळे दिसत नाही आणि पैशाच्या टंचाईमुळेही दिसत नाही. ती पडद्यावर आणण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांना सीएसएस हे ‘खरं काम’ वाटत नाही, म्हणून ती तशी दिसते. वरची वेलांटी कापलेलं बटण, एकमेकांत घुसलेल्या ओळी, शिरोरेषा तुटलेली मथळ्याची अक्षरं हे सगळं तुम्ही रोज फोनवर बघता. तुम्हाला त्याची इतकी सवय झालीय, की ते चुकीचं आहे हेही आता जाणवत नसेल.

‘खरं प्रोग्रामिंग’ म्हणजे काय रे भाऊ

आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्या कोणालाही विचारा, सीएसएसशी त्याची ओळख कशी झाली. बहुतेकांचं उत्तर सारखं येईल. वेब टेक्नॉलॉजीचं प्रॅक्टिकल, त्याचं जर्नल आणि व्हायव्हात एक्स्टर्नलने विचारलेला प्रश्न: ‘सीएसएसचे प्रकार किती?’ उत्तर पाठ असतं: इनलाइन, इंटर्नल, एक्स्टर्नल. मार्क मिळतात, विषय संपतो. कॅस्केड म्हणजे नक्की काय, एकाच परिच्छेदाला तीन ठिकाणांहून तीन वेगळे रंग सांगितले तर कोणाचं ऐकायचं हे ब्राउझर कसं ठरवतो, हे कोणी विचारत नाही. पुढे प्लेसमेंट येतात. तिथे लिंक्ड लिस्ट उलटी करता आली पाहिजे, झाडाची उंची मोजता आली पाहिजे. फोनच्या अरुंद पडद्यावर मराठी परिच्छेद वाचनीय कसा करशील, हा प्रश्न मुलाखतीत आल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

मग नोकरी लागते आणि तिथे उतरंड तयारच असते. वर सर्व्हर, डेटाबेस, आता मशीन लर्निंगवाले. त्याखाली जावास्क्रिप्ट लिहिणारे. सगळ्यात खाली ‘पिक्सेल इकडेतिकडे करणारे’. एखाद्या मुलीने तीन आठवडे खपून सगळ्या फोनवर नीट चालणारा फॉर्म बांधला, तर ‘छान दिसतंय’ असं म्हणतात, आणि अप्रेझलला मात्र एपीआय लिहिणाऱ्याचं नाव पुढे जातं. ‘यूआयचं नंतर बघू’ हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये असतं. ते ‘नंतर’ कधी येतं, हे ज्याने त्याने आपल्या अनुभवावरून ठरवावं.

या तुच्छतेमागचं कारण असं दिलं जातं, की सीएसएस सोपं आहे. आणि त्याच तोंडाने हेही सांगितलं जातं, की सीएसएस वैताग आणतं, कधी काय करेल सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? सोपं असतं तर वैताग आला नसता. खरी गोष्ट अशी आहे, की सीएसएस वेगळ्या जातीचं आहे. जावा किंवा पायथनमध्ये तुम्ही यंत्राला एकेक पायरी सांगता. सीएसएसमध्ये तुम्ही परिणाम सांगता आणि पायऱ्या ब्राउझर ठरवतो. शिवाय तुमचं पान कोणाच्या हातात पडणार, पडदा केवढा असणार, वाचकाने अक्षरं मोठी करून ठेवलीयत का, नेट कसं आहे, यातलं तुम्हाला काहीही माहीत नसतं. ते माहीत नसतानाही टिकेल असा नियम लिहायचा असतो. ज्याला हुकूम सोडायची सवय झालीय, त्याला हे जड जातं.

होकोन विउम ली या नॉर्वेजियन माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमध्ये असताना सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे डच संगणकतज्ज्ञ बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. त्या प्रस्तावाचा गाभा हाच होता, की पान कसं दिसावं यात लेखकाचं म्हणणं असेल, वाचकाचंही असेल आणि समोरच्या यंत्राच्या मर्यादाही असतील. या सगळ्यांतून वाट काढण्याच्या रीतीला कॅस्केड म्हणतात. छापील पानावर वाचकाला असा अधिकार कधीच नव्हता. एवढी लोकशाही कल्पना ‘रंगकाम’ म्हणून मोडीत काढायची, याला मी अडाणीपणा म्हणतो.

लोकांनी यातून काय काय केलं

२००३ साली डेव्ह शे या कॅनेडियन डिझायनरने ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचं पान सुरू केलं. अट अशी, की एचटीएमएलला हात लावायचा नाही. मजकूर तोच, टॅग तेच. बदलायची ती फक्त सीएसएसची फाइल आणि तिच्यातून येणारी चित्रं. जगभरातून डिझाइनं आली. तेच पान कुठे जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखं, कुठे पाण्याखालच्या जगासारखं, कुठे वर्तमानपत्रासारखं दिसलं. मजकूर आणि रूप वेगळं ठेवता येतं, हे ज्यांना सांगून पटत नव्हतं, त्यांना ते बघून पटलं.

लिन फिशर या डिझायनरने ‘अ सिंगल डिव्ह’ नावाचा प्रकल्प केला. प्रत्येक चित्र एकाच डिव्हमधून काढायचं. डायना स्मिथने २०१८मध्ये ‘फ्रान्सिन’ नावाचं एका बाईचं चित्र केलं, अठराव्या शतकातल्या तैलचित्राच्या धाटणीचं, फक्त एचटीएमएल आणि सीएसएस हाताने लिहून. ते चित्र लोकांनी जुन्या ब्राउझरमध्ये उघडून बघितलं तेव्हा बाईचा चेहरा चौकोन-वर्तुळांत विखुरला आणि एखाद्या आधुनिक चित्रासारखा दिसू लागला. प्रत्येक ब्राउझर सीएसएसचा आपापला अर्थ लावतो, हे इतक्या मजेदार रीतीने दुसऱ्या कशाने दाखवलं नसेल.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न लगेच येतो. रियाजाचा उपयोग काय, असं आपण गवयाला विचारत नाही. बॉक्स-शॅडो ही एका चौकोनामागे सावली पाडण्याची सोय. पण एकाच चौकोनाला स्वल्पविराम देऊन शंभर सावल्या देता येतात, प्रत्येकीची जागा आणि रंग वेगळा, आणि त्यातून ठिपक्या-ठिपक्यांचं चित्र उभं राहतं. हे एकदा करून बघितलेला माणूस बॉक्स-शॅडो विसरत नाही. रेडिअल-ग्रेडियंटने एक गोल ठिपका काढा, बॅकग्राउंड-साइजने त्याचं घर ठरवा, ब्राउझर ती घरं आपोआप पानभर मांडत जातो. ही सरळ ठिपक्यांची रांगोळी आहे. तेच दुसऱ्यांदा अर्ध्या घराने सरकवून पहिल्यावर ठेवा, मधल्या ठिपक्यांची रांगोळी तयार होते. दारात रांगोळी काढणाऱ्या कोणालाही हा हिशोब कळतो. रिपीटिंग-लिनिअर-ग्रेडियंटचे उभे-आडवे पट्टे एकावर एक ठेवले, की लुंगीची चौकट किंवा साडीचा काठ निघतो. एकही इमेज फाइल नाही, मोजून पाचसहा ओळी, आणि फोन स्वस्तातला असला तरी पान झटकन उघडतं.

आज हाताशी असलेली सामग्री तर त्याहून मोठी आहे. मार्च २०१७मध्ये मोठ्या ब्राउझरांत ग्रिड आलं आणि पानाची मांडणी दोन्ही दिशांनी करता येऊ लागली. शेप-आउटसाइडने मजकूर गोलाच्या कडेने वळवता येतो. क्लिप-पाथने चौकोनाला हवा तो आकार देता येतो. बॅकग्राउंड-क्लिपने अक्षरांच्या आत चित्र भरता येतं. डिसेंबर २०२३पासून ‘हॅज’ हा सिलेक्टर सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो, म्हणजे आत काय आहे ते बघून बाहेरच्या खोक्याचं रूप ठरवता येतं. यासाठी आधी जावास्क्रिप्ट लिहावं लागायचं.

आणि एवढं सगळं असताना आपण काय बनवतो? वर एक पट्टी, खाली एक मोठं चित्र, त्याखाली गोल कोपऱ्यांची तीन कार्डं. २०११मध्ये ट्विटरमधल्या लोकांनी बूटस्ट्रॅप खुलं केलं, तेव्हापासून बँक, क्लासेस, लग्नाचा हॉल आणि कवितेचं मासिक, सगळ्यांची पानं एकाच साच्यातून निघतायत. आता एआय पान बनवून देतं. ते तर याच पानांवर शिकलेलं. म्हणून त्याला सांगा ‘मराठी कवितांची साइट बनव’, ते तीच तीन कार्डं जांभळ्या ग्रेडियंटवर ठेवून देईल.

साचा कोणाच्या मापाचा

साच्यांना माझा विरोध तत्त्वाचा नाही. मुद्दा मापाचा आहे. हे साचे इंग्रजी मजकूर समोर ठेवून बनवलेले आहेत आणि ते देवनागरीवर जसेच्या तसे चढवले जातात. त्याने काय होतं ते एकेक बघू.

लाइन-हाइट, म्हणजे दोन ओळींमधलं अंतर. इंग्रजी मथळ्याला १.२ पुरतं, कधीकधी १.१ही शोभतं. आता ‘मूर्तींचा’ हा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार. वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघंही एकाच अक्षरावर. इंग्रजीत असं तीन मजली बांधकाम नसतं. १.२ला वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. त्यात कार्डावर मजकूर दोन ओळींत थांबवायचा म्हणून ओव्हरफ्लो-हिडन लावलेलं असेल, तर वरचा अनुस्वार चक्क कापला जातो. ‘मुलांनी’चं ‘मुलानी’ होतं. मराठीत अनुस्वार गेला, की एकवचन-अनेकवचन बदलतं, आदर जातो, कधी अर्थच जातो. मराठीसाठी लाइन-हाइट १.६ ते १.८ ठेवा, प्रश्न मिटतो.

लेटर-स्पेसिंग. इंग्रजीत छोट्या मथळ्याची अक्षरं लांब-लांब ठेवली की रुबाबदार दिसतात. देवनागरीत अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. त्यांच्यामध्ये जागा घातली, की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

टेक्स्ट-ट्रान्सफॉर्म. साच्यात बटणं आणि उपमथळे कॅपिटलमध्ये असतात. त्यामुळे अक्षर लहान असूनही ते उठून दिसतात. देवनागरीला कॅपिटल नाहीत. लहान अक्षर लहानच राहतं आणि बटण पानात हरवून जातं.

इटॅलिक. देवनागरी फॉन्टांत सहसा इटॅलिक नसतं. मग ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतो. जाड अक्षराचंही तेच: फॉन्टात जाड वजन नसेल, तर ब्राउझर अक्षराला शाई फासतो, आणि ‘क्ष’ची, ‘ख’ची पोकळी बुजून जाते. फॉन्ट-सिंथेसिस-नन ही एक ओळ हा खोटेपणा थांबवते.

जस्टिफाय. दोन्ही कडा सरळ दिसाव्यात म्हणून अनेक मराठी साइट हे लावतात. पण मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. हिंदीत ‘विश्वविद्यालयों में’ असे दोन शब्द होतात, आपल्याकडे ‘विद्यापीठांमध्येसुद्धा’ हा एकच शब्द. फोनवर एका ओळीत चारपाच शब्द मावतात. त्यातला एक एवढा लांब असला, की उरलेल्यांमध्ये खड्डे पडतात. डावीकडून सरळ ठेवा, उजवी कड सोडून द्या. मथळ्याला टेक्स्ट-रॅप-बॅलन्स लावा, म्हणजे शेवटच्या ओळीवर एकटाच शब्द लोंबत राहत नाही.

आणि सगळ्यात सोपी, सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: पानाची भाषा सांगणं. मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत, हे आपण शाळेत गिरवलंय. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच. कोणतं रूप दाखवायचं, ते फॉन्ट ठरवतो, आणि चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं भरलेली असतात. पान मराठी आहे असं एचटीएमएलच्या पहिल्या टॅगमध्ये सांगितलं, की मराठी रूपं आपोआप येतात. गूगल फॉन्ट्सवर तर ‘तिरो देवनागरी मराठी’ हा हिंदी आणि संस्कृतपासून वेगळा काढलेला फॉन्ट फुकट आहे. तरी कित्येक मराठी पानांच्या त्या पहिल्या टॅगमध्ये साच्याबरोबर आलेलं इंग्रजी तसंच असतं. दोन अक्षरं बदलायची असतात, फक्त दोन. ती बदलली तर अंधांसाठीचा स्क्रीन रीडरही मराठी मजकुराला मराठी आवाज देतो.

एका कंपनीत काम करत असताना मराठी आवृत्तीच्या टेस्टिंगमध्ये एक तक्रार आली: ‘नोंदणी पूर्ण करा’ बटणात मावत नाही. बटणाची उंची-रुंदी पिक्सेलमध्ये ठोकून टाकलेली होती. दुरुस्ती काय? ठरावीक उंची-रुंदी काढून पॅडिंग द्यायचं, बटण मजकुराप्रमाणे आपोआप वाढतं. दोन ओळी. तक्रारीवर निर्णय काय झाला? भाषांतर बदला. ‘नोंदणी पूर्ण करा’चं ‘सबमिट’ झालं. खोकं इंग्रजी मापाचं, ते बदलायचं नाही, भाषा बदलायची. मराठीत इंग्रजी शब्द का घुसतात यावर परिसंवाद होतात, तेव्हा या कारणाची चर्चा कोणी करत नाही.

चित्रात कोंडलेली मराठी

आता तुमच्या फोनची गॅलरी उघडा. कविता, सुविचार, दिवाळी अंकांची निमंत्रणं, पुस्तकांतले उतारे. किती मजकूर आहे आणि किती चित्रं आहेत? मराठीतलं रोजचं लिखाण मोठ्या प्रमाणात चित्रं होऊन फिरतंय. कोणी कविता लिहिली, की ती आधी कॅनव्हावर जाते, मागे पाऊस किंवा चहाचा कप येतो, मग जेपीजी होऊन ग्रुपवर पडते.

कवीला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आपली कविता देखणी दिसायला हवीय आणि वेबवर ती देखणी दिसत नाही, हा त्याचा अनुभव आहे. त्याच्या आधीच्या पिढीचाही होता. २०००च्या दशकात बऱ्याच मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचायला त्यांचा स्वतःचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. तेव्हापासून ‘चित्र करून टाका, म्हणजे सगळीकडे सारखं दिसेल’ हा तोडगा रुजला. युनिकोड सगळीकडे पोचलं, फॉन्ट फुकट झाले, पण तोडगा तसाच राहिला. कारण चांगलं दिसणाऱ्या जिवंत मजकुराचं उदाहरणच समोर नव्हतं.

चित्र झालेल्या कवितेचं काय होतं? ती शोधून सापडत नाही. पाच वर्षांनी एक ओळ आठवली, तर गूगलला ती क्वचितच सापडते. डोळे अधू झालेल्या आजोबांना अक्षर मोठं करता येत नाही. चित्र ताणलं की अक्षरं फाटतात. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ‘इमेज’ एवढंच म्हणून पुढे जातो. कवीचं नाव कोपऱ्यात होतं, कोणीतरी ते क्रॉप केलं, की कविता कुसुमाग्रजांच्या किंवा पु. लं.च्या नावावर फिरू लागते. हे नुकसान सीएसएसच्या तुच्छतेतून थेट आलंय असं मी म्हणतो, कारण त्या चित्रात जे जे आहे, म्हणजे मागचं छायाचित्र, त्यात मिसळलेली अक्षरं, मोठं पहिलं अक्षर, कडेची नक्षी, ते सगळं जिवंत मजकुरावर सीएसएसने करता येतं. मिक्स-ब्लेंड-मोड आहे, फर्स्ट-लेटर आहे, बॉर्डर-इमेज आहे. काउंटर-स्टाइल वापरून कवितेच्या कडव्यांना १, २, ३ ऐवजी अ, आ, इ असे क्रमही देता येतात. नुसते देवनागरी आकडे हवे असतील, तर त्यासाठी लिस्ट-स्टाइलचा एक शब्द पुरतो.

आणि आपल्याकडे अक्षराची परंपरा नाही, असं कोणी म्हणू नये. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे देशभर नावाजलेले होते. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नाटकाच्या नावालाच चेहरा दिला. पेपरात नाव वाचायच्या आधी नाटकाचा स्वभाव कळायचा. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ फॉन्ट र. कृ. जोशींचा, आणि ते कवीही होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट सगळ्यांसाठी खुले केले. म्हणजे खिळे पाडणारे होते, अक्षर काढणारे होते, आजही आहेत. कमी आहेत ते हे सगळं पानावर बसवणारे, कंपोझिटर. छापखान्यात कंपोझिटर हा कारागीर होता, त्याच्या हाताला किंमत होती. वेबवर त्याची जागा फ्रंटएंड इंजिनिअरची आहे आणि त्याला शिकवलंय, की हे काम हलकं.

‘पण’वाल्यांना

पहिला ‘पण’: वेळ कुठे आहे? छोट्या मराठी साइटला पैसे नसतात, साचा घेऊन काम होतं. मान्य. साचा घ्या. मी सांगितलेल्या दुरुस्त्या साच्यावरच करायच्या आहेत. मराठीसाठी ‘लँग’ सिलेक्टरचा एक नियम लिहा, त्यात लाइन-हाइट वाढवा, लेटर-स्पेसिंग शून्य करा, खोटं इटॅलिक बंद करा. जेवणाच्या सुट्टीत होणारं काम आहे.

दुसरा ‘पण’: देवनागरी फॉन्ट जड असतो, पान हळू उघडतं. जोडाक्षरांमुळे फाइल मोठी होते हे खरं आहे. त्यासाठीच युनिकोड-रेंज आहे: देवनागरी अक्षरांसाठी हा फॉन्ट, बाकीच्यांसाठी तो, असं सांगता येतं, पानावर देवनागरी नसेल तर ती फाइल उतरतच नाही. फॉन्ट-डिस्प्ले-स्वॅप लावलं, की फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरांत मजकूर वाचता येतो. गंमत म्हणजे फॉन्टाच्या वजनावर बोलणारेच लोक पानावर दोन एमबीचं चित्र आणि पाच ट्रॅकर बिनधास्त टाकतात.

तिसरा ‘पण’ मला जास्त गंभीर वाटतो: सर्जनशील सीएसएस म्हणजे नुसता दिखावा, सगळीकडे हलणारी, उडणारी पानं, वाचकाला चक्कर. हा धोका खरा आहे. स्क्रोल करताना अक्षरं नाचणारी पानं मलाही नकोत. पण त्यावरचा उपायही सीएसएसमध्येच आहे. ज्या वाचकाने फोनमध्ये हालचाल कमी ठेवायला सांगितलंय, त्याला ॲनिमेशन न दाखवणारी मीडिया क्वेरी आहे. ती वापरणं हेही सीएसएसचं कौशल्यच. सर्जनशीलता म्हणजे सगळी खेळणी एकाच पानावर मांडणं नव्हे. वाचणाऱ्याच्या डोळ्याला काय सोपं जाईल, याचा विचार करून लाइन-हाइट १.५ची १.७ करणं हाही सर्जनशील निर्णय आहे, आणि माझ्या मते ठिपक्यांच्या रांगोळीइतकाच मोठा.

चौथा: आता एआय लिहितंय, शिकायचं कशाला? एआयला तुम्ही नीट सांगितलंत, तर ते लिहितं. पण मराठीत शिरोरेषा तुटलीय, अनुस्वार कापला गेलाय, ‘श’ हिंदी वळणाचा आलाय, हे बघायला डोळा लागतो. तो डोळा ज्याच्याकडे नाही, तो ‘छान आहे’ म्हणून पान लाइव्ह करणार.

एवढं करा

तुम्ही विशीत असाल, इंजिनिअरिंग करत असाल किंवा दुसरं काही शिकत असाल, तर सीएसएस शिकायला तुम्हाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. मोफत साहित्य ढीगभर आहे. मोझिलाची एमडीएन ही कागदपत्रं वाचा, प्रत्येक गुणधर्माचं उदाहरण तिथे आहे. लॅपटॉप नसेल तर कोडपेनसारख्या जागी फोनवरही ओळी लिहून लगेच परिणाम बघता येतो. सरावाला इंग्रजीतला ‘लोरेम इप्सम’ घेऊ नका. तुमच्या आजीच्या बोलण्यातले शब्द घ्या, गावाचं नाव घ्या, रफार-वेलांटी-अनुस्वार असलेली आडदांड वाक्यं घ्या. साचा कुठे मोडतो ते तिथेच कळेल.

तुम्ही कोणाकडे साइट बनवायला देत असाल, मासिक चालवत असाल, प्रकाशक असाल, तर काम ताब्यात घेताना तीन गोष्टी तपासा. ‘मूर्तींचा’ हा शब्द मथळ्यात टाका आणि वर-खाली काही कापलं जातंय का बघा. फोनमधलं अक्षर सगळ्यात मोठं करा आणि पान वाचता येतंय का बघा. पानावरचा मजकूर बोटाने निवडता येतो का बघा. येत नसेल, तर तो मजकूर नाही, चित्र आहे. तिन्हींतलं एक जरी चुकलं तरी बिल थांबवा.

आणि टीम लीड म्हणून बसलेल्यांनो, मराठी आवृत्तीतली कापलेली वेलांटी पुढच्या वेळी बग म्हणून आली, की तिच्यापुढे ‘लो प्रायॉरिटी’ लिहिण्याआधी एक प्रयोग करा. इंग्रजी आवृत्तीत प्रत्येक ‘आय’वरचा टिंब काढून टाका आणि तसंच लाइव्ह करून बघा, किती मिनिटांत फोन येतो ते.